बाबांचा इनहिबिटर आणि माझा

बाबा अंबरनाथच्या एमआयडीसीत रेझिनच्या एका कारखान्यात ऑपरेटर होते आणि मी मुंबईतल्या एका संस्थेत पेशींवर पीएचडी करत होते. बदलापुरात मांजर्लीच्या दोन खोल्यांत आई, बाबा आणि मी एकत्र राहायचो, पण दुसरा दिवसभर नेमकं काय करतो हे बाबांना आणि मला, दोघांनाही धड माहीत नव्हतं. "झालं का काम?" ते विचारायचे. "चाललंय," मी म्हणायचे. एवढंच बोलणं.

माझं काम असं होतं. पेशीत प्रथिनं एका जागी तयार होतात, मग गोल्जी नावाच्या भागात जातात. तिथं ती आवरून, बांधून पुढे रवाना होतात. बुरशीपासून मिळणारं ब्रेफेल्डिन नावाचं एक औषध पेशींवर टाकलं की काही मिनिटांत गोल्जी विरघळल्यासारखा होतो आणि ही सगळी वाहतूक थांबते; अशा थांबवणाऱ्या रसायनाला इनहिबिटर म्हणतात. औषध धुऊन काढलं की तो हळूहळू पुन्हा जमतो. कुठलं प्रथिन कुठं अडकलं ते पाहून त्याचा रस्ता शोधायचा. माझ्या पेशींमधला गोल्जी सूक्ष्मदर्शकाखाली हिरवा चमकायचा.

दुसऱ्या वर्षी थंडीत ते औषध माझ्याशी खेळायला लागलं. एक दिवस गोल्जी जायचा, दुसऱ्या दिवशी तसाच्या तसा. मी पेशी बदलल्या, औषधाची नवी कुपी उघडली, सगळं पहिल्यापासून केलं. दीड महिना गेला. माझ्या गाईड मॅडम म्हणाल्या, "आधी स्वतःचा हात तपास." ते मला फार लागलं.

त्या रविवारी सकाळी बाबा गॅलरीत मोड आलेले वाल सोलत बसले होते. त्यांनी नेहमीचं विचारलं आणि मी भडकले. "नाही झालं! इनहिबिटर चालतच नाही माझा!"

त्यांचा हात थांबला. "इनहिबिटर? आमच्याकडं पण असतो."

"तो वेगळा, बाबा."

"असेल. आमचा अ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिडच्या ड्रममध्ये असतो. नसला तर माल ड्रममध्येच तापून घट्ट होईल, ड्रम फुटेल." त्यांनी आणखी दोन वाल सोलले. "तुझा कशात ठेवतात?"

"डीएमएसओ नावाच्या द्रावकात विरघळवून. फ्रीजरला."

"गोठतो?"

"गोठतो."

"मग काढताना पूर्ण वितळू देतेस का?"

औषध खराब होईल या भीतीनं मी कुपी बाहेर काढायचे, कडेला जरा वितळलं की तेवढंच उचलायचे आणि लगेच परत ठेवायचे.

"थंडीत आमचे ड्रम गोठतात ना, तेव्हा अ‍ॅसिडचे खडे होतात आणि इनहिबिटर राहतो उरलेल्या पातळात," बाबा म्हणाले. "अर्धवट वितळलेल्यातनं माल काढलास तर कधी सगळा इनहिबिटर येतो, कधी काहीच नाही. पूर्ण वितळवायचं, ढवळायचं, मगच हात लावायचा. नव्या माणसाला आम्ही पहिलं हेच शिकवतो, बाय."

सोमवारी मी कुपी मुठीत धरून बसले. शेवटचा खडा गेल्यावर नीट हलवली, मग औषध टाकलं. दहा मिनिटांत गोल्जी गेला. मंगळवारी गेला, बुधवारीही गेला. दुपारी बाहेरच्या पॅसेजमधून मी फोन केला.

"वितळू दिलंस?"

"हो."

"मग झालं की," म्हणाले आणि ठेवला.

मॅडमना सांगितलं तर त्या खूप हसल्या. "त्यांना घेऊन ये एकदा." पण बाबा दोन महिने टाळत राहिले. "आपण काय करणार तिथं?" शेवटी एका सुट्टीच्या दिवशी आले, लग्नाला घालायचा शर्ट घालून. कुणी सांगितलं नव्हतं तरी चपला दाराबाहेर काढल्या.

मी पेशी लावल्या. पडद्यावर प्रत्येकीच्या मध्याजवळ एक हिरवा पुंजका दिसत होता. औषध टाकलं. बाबा मनगटावरच्या घड्याळात बघत होते. पुंजक्यातून बारीक धागे निघाले, लांबले आणि हिरवा रंग पेशीभर पसरला.

"सुटला," बाबा म्हणाले.

मी पेशी धुतल्या. परत जमायला दीड तास लागेल, कँटीनला जाऊ, म्हटलं. "नको, इथंच बसतो." गुडघ्यांवर हात ठेवून ते तो सगळा वेळ पडद्याकडे बघत राहिले. प्लांटमध्ये तापमानाच्या काट्याकडे असेच बघत असणार. हळूहळू हिरवे ठिपके एकत्र यायला लागले, तेव्हा अगदी हळू म्हणाले, "जमतोय, बाय."

घरी आल्यावर आईनं विचारलं, "कसं आहे तिचं ऑफिस?"

"एसी फार आहे," ते म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले. त्यापुढे एक शब्द नाही. मला वाईट वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

पुढच्या वर्षी, रिटायर व्हायला दोन महिने असताना, सकाळी दाढी करताना ते कोसळले. हार्ट अटॅक. दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं.

तेराव्याला अंबरनाथच्या बुवापाड्याहून त्यांच्या शिफ्टमधले एक काका आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, तुमचा तो गोल्जी आख्ख्या प्लांटला माहितेय."

मला कळेना.

"चहाला बसलं की सुरू. ड्रमवर खडूनं काढून दाखवायचे. म्हणायचे, हे पॅकिंग डिपार्टमेंट, माझी पोरगी ते बंद करते न् परत चालू करते, दोन्ही मी डोळ्यानं बघितलंय. सेफ्टीवाल्या साहेबांना पण समजावलं, बोला!"

"अजून काय सांगायचे?"

काका आठवून आठवून सांगू लागले. पेशी म्हणायच्या जागी ते किडनी म्हणत होते. मी दुरुस्त केलं नाही. संपल्यावर म्हटलं, "काका, पुन्हा एकदा सांगा ना, पहिल्यापासून." त्यांनी सांगितलं. आई मधेच चहा घेऊन आली, तीही उभी राहून ऐकत राहिली.

निघताना मी विचारलं, "तो ड्रम बघायला मिळेल का?"

"ड्रम कुठं राहतात, ताई? रिकामे झाले की उल्हासनगरला भंगारात."

आता मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात शिकवते. आमच्याकडे तसला सूक्ष्मदर्शक नाही. गोल्जी मी फळ्यावर काढते. जायच्या वाटेवर गोदामांसमोर निळ्या ड्रमांच्या थप्प्या असतात. रिक्षा तिथं हळू झाली की मी त्यांच्याकडे बघते. एखाद्या पावसात, एखाद्या धुण्यात खडू कधीच गेला असणार, हे माहीत असूनही बघते.