सायमनचे बूट

सायमन गेल्याचा फोन आला तेव्हा मी इथे परदेशात, क्रेगीबर्नच्या घरी जेवणाच्या टेबलावर ऑफिसची मीटिंग उरकत होतो. लॉकडाऊन चालू होता. अंत्यविधीला दहाच माणसं... अकरावा मी, लॅपटॉपसमोर. दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या मित्राला मी स्क्रीनवर निरोप दिला.

हा मूळचा वसईचा. आदल्या उन्हाळ्यात, म्हणजे इथल्या डिसेंबर-जानेवारीत, बंधनं उठली तसा दर शनिवारी मला मॅसेडन गावाजवळच्या जंगलात ओढून न्यायचा. पायवाट निवडायची ती पाटीवर ‘ईझी’ लिहिलेलीच. “म्हातारा झालास,” मी म्हणायचो. तिथे वाटेच्या तोंडाशी बूट घासायला ब्रश ठेवलेला असतो. एका रानातली माती दुसऱ्या रानात जाऊन झाडांना रोग लागू नये म्हणून. मी दोनदा पाय घासला की मोकळा. सायमन मात्र घरून आणलेल्या काडीनं बुटाच्या तळाची एकेक खाच कोरत बसायचा, जाताना आणि परत निघतानाही. मी वैतागलो की म्हणायचा, “अरे, कुणाच्या घरात शिरताना पाय धुतोस ना? मग?”

चढ आला की तो थांबायचा. “थांब मेट... कूकाबरा. ऐक.” मी कान टवकारायचो, त्या पक्ष्यासाठी फांद्या धुंडाळायचो. कधी काही दिसलं नाही. “तुझे पक्षी बरे नेमके चढावरच बसतात रे!” मी चिडवायचो. तो झाडाला टेकून नुसता हसायचा.

बंधनं सैल झाल्यावर रोझीला, त्याच्या बायकोला, भेटायला गेलो. दारातच ती म्हणाली, “जानेवारीपासून धाप लागायची त्याला. हॉस्पिटलमध्ये सगळा कोविड, नंतर बघू म्हणायचा. तुला काहीच बोलला नाही?”

नाही बोलला. आणि मीही विचारलं नाही. तो शेजारी दम खात होता आणि शहाणा मी झाडावर पक्षी शोधत होतो. ही बोच जात नाही, जाऊही नये.

“त्याचे बूट तू घेऊन जा,” रोझी म्हणाली, “तुमचा साइझ एकच ना.” ते दाराशीच होते. उचलले, उलटे केले. आमच्या वाटेची चिमूटभर माती, एखादं चिकटलेलं पान, काहीतरी मिळेल असं वाटलं... एकेक खाच बोटानं चाचपली.

कणभरही माती नव्हती.