ठासणीच्या बंदुकीची टोपी

बारा वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर, शनिवार सकाळ, हरणाच्या शिकारीसाठी जंगलात. हजर: शेजारचे वॉल्टर, देशमुखकाका आणि मी.

आज दान करायचे कपडे बाजूला काढताना माझ्या जुन्या कोटाच्या खिशात तांब्याची इवलीशी टोपी सापडली आणि अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या या घरात एकदम ओल्या पानांचा वास आला.

वॉल्टरची बंदूक ठासणीची. आधी दारू ओतायची, मग गोळी ठासायची, शेवटी ठिणगीसाठी ही टोपी बसवायची. त्यांचे हात थरथरत, म्हणून ते काम माझ्याकडे होतं. मी यादी करून प्रत्येक ओळीवर खूण केली होती.

"एवढी खटपट! नवी घ्यायला सांग गं त्यांना," काका कुजबुजले. मी ते वॉल्टरना इंग्रजीत सांगितलं.

"एकच बार मिळतो, म्हणून नीट बघतो," वॉल्टर हसले. "आणि हा माझा शेवटचा सीझन."

हरीण आलं, थांबलं, आमच्याकडे बघत राहिलं. वॉल्टरनी चाप ओढला. नुसतं खट्ट झालं आणि हरीण पळालं.

"टोपी वाटेत पडली असेल," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. त्यानंतर ते शिकारीला गेले नाहीत.

मी विसरले होते, की मला ती बसवायचीच नव्हती? यादीवर तर खूण होती.

कपडे देऊन झाले. आजच्या यादीत एकच ओळ उरली आहे: वॉल्टरना टोपी परत देणे.