आठ वाजताचा कोंबडा
संध्याकाळी अवेळी कोंबडा आरवला की मला इंदापूरजवळचं एक लग्न आठवतं. मी बारामतीच्या एका दवाखान्यात एचआयव्हीच्या पेशंटांना समजावून सांगायचं काम करत होते. गोळी चुकू नये म्हणून प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये रात्री आठचा अलार्म लावून द्यायचे आणि गंमत म्हणून सगळ्यांना एकच आवाज, कोंबड्याची बांग. हे नवरा-नवरी आमच्याच औषधांच्या रांगेत भेटलेले, त्यामुळं निम्मी पंगत आमच्या पेशंटांचीच होती. नवऱ्याच्या चुलत्यांना, आबांना, मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं. कळलं तर ते भरल्या ताटावरून उठतील, या धास्तीनं नवरा घास चिवडत बसला होता. मठ्ठ्यातल्या कोथिंबिरीचा वास सुटलेला, जिलेबी फिरत होती आणि आठ वाजले. आधी नवरीच्या पर्समध्ये कोंबडा आरवला, मग नवऱ्याच्या खिशात, मग साऱ्या पंगतीत. वाढपी जागीच थबकले. "आरं, ही काय भानगड हाय?" आबा म्हणाले. नवऱ्यानं मान खाली घातली. नवरीनं मुंडावळ्या बाजूला सारल्या. "आबा, आमा दोघांना एचआयव्ही हाय. गोळीची येळ झाली." माझा घास हातातच राहिला. आबांनी तिच्याकडं पाहिलं, सावकाश आपला पाण्याचा तांब्या तिच्यापुढं सरकवला आणि म्हणाले, "घे मग. आन् सूनबाई, ह्यो कोंबडा माझ्याबी मोबाईलात घाल. बीपीची गोळी रोज ऱ्हातीया." पंगत हसली ती जिलेबी संपेपर्यंत. परवाच नवरीचा फोन आला होता, घरात आता तीन कोंबडे आरवतात म्हणे. चौथा माझ्याकडं आहे. मला कसलीच गोळी नाही, तरी.