मागून पाहायचा किल्ट

ताईचा फोन आला तेव्हा मी र्युसेल्सहाइमच्या स्टेशनवर गाडीची वाट बघत उभी होते. "गेले गं," एवढंच ती म्हणाली. दुपारी जेवून भाऊजी आडवे झाले ते उठलेच नाहीत. मग एकदम म्हणाली, "बरं झालं बाई, पोरगी किल्ट घालून मैदानात उतरलेली त्यांनी बघितली." नवरा जाऊन अजून तास झाला नव्हता आणि माझी बहीण किल्टबद्दल बोलत होती. ज्यांनी भाऊजींचं शेवटचं वर्ष पाहिलं नाही त्यांना हे विचित्र वाटेल. मला वाटलं नाही, कारण माझ्याही डोळ्यांसमोर त्या क्षणी तोच किल्ट होता.

भाऊजी म्हणजे मिलिंद, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नागपूरला इंजिनियर झाले, स्टुटगार्टला आले आणि गिअरबॉक्सचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत रमले. मेव्हणी असल्यामुळे त्यांची टिंगल करायचा हक्क मला होता आणि तो मी मनसोक्त वापरला. घरात पडद्याची दांडी लावायची तरी आधी लेव्हल काढणारा हा माणूस. त्यांची एकुलती एक लेक ईशा तिथेच जन्मली, तिथेच वाढली. बाप मराठीत विचारायचा, लेक जर्मनमध्ये उत्तर द्यायची. भांडण असं काही नव्हतं, पण बोलणं हळूहळू कामापुरतं उरलं होतं. मग ईशा एका स्कॉटिश पाइप बँडमध्ये ड्रम वाजवायला लागली. दर शनिवारी भाऊजी तिला सरावाला सोडायचे आणि बाहेर गाडीतच बसून राहायचे. आत या, असं ती कधी म्हणाली नाही. "तिच्या त्या जगात माझं काय काम आहे, सांग बरं," असं ते एकदा मला हसत म्हणाले. हसणं काही खरं नव्हतं.

त्यानंतर हृदयाचं ऑपरेशन झालं आणि लांबलचक क्रांकश्राइबुंग, म्हणजे आजारपणाची रजा घेऊन भाऊजी घरी बसले. त्याच सुमारास ईशाला बँडसाठी स्वतःचा किल्ट, म्हणजे स्कॉटिश लोकांचा तो चुण्यांचा लोकरी घागरा, हवा होता. बँडचे किल्ट आजवर आयलीनबाई शिवायच्या. बाई जन्माने स्कॉटिश, संसार स्टुटगार्टमध्ये केलेल्या. सांधेदुखीने बोटं आखडल्यापासून त्यांनी शिवणं सोडलं होतं, पण कोणी आलं तर शिकवायच्या. भाऊजी सरळ त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. "बाबा, दास इस्ट पाइनलिश," ईशा म्हणाली. मला लाज आणणार तुम्ही, असा त्याचा अर्थ. आयलीनबाईंनी अट घातली: उन्हाळ्यातल्या हायलँड गेम्सच्या, म्हणजे स्कॉटिश खेळांच्या आणि बँडच्या स्पर्धांच्या दिवशी मी किल्ट तपासेन, एक जरी खोट सापडली तरी मुलगी उसना किल्ट घालून उतरेल. भाऊजींनी ती हसत मान्य केली. चौकड्यांचं जाड लोकरी कापड आलं, चांगलं आठ वार. "आजीच्या लुगड्याला एक वार कमी," ताई म्हणाली. "अहो, शिवताय कशाला, मीच नेसवून देते तिला."

आता इंजिनियर माणसाने काय करावं? चौकडीची रुंदी त्यांनी व्हर्नियरने मोजली, संगणकावर ड्रॉइंग काढलं आणि एका टोकापासून सारख्या अंतरावर सगळ्या चुण्यांच्या खुणा एकदमच मारून टाकल्या. एकेक चुणी बिनचूक. शिवून उभा धरला तेव्हा डावीकडून निघालेली चौकडी मध्यावर डगमगायला लागली होती आणि उजव्या टोकाला चौकडीतली पिवळी रेघ चक्क चुणीच्या पोटात गडप झाली होती. विणलेल्या कापडात प्रत्येक चौकडी केसभर कमीजास्त असते, आणि तो केस साठत साठत बोटभर झाला होता. चुका अशा साठतात हे कंपनीत नव्या पोरांना शिकवण्यात भाऊजींची निम्मी नोकरी गेली होती. आयलीनबाई म्हणाल्या, "हा पत्रा नाही, मिस्टर मिलिंद. प्रत्येक चुणीला तिची पिवळी रेघ शोधा, मग घडी घाला." भाऊजींनी मुकाट्याने सगळे टाके उसवले. मी टिंगल करायला फोन केला तर म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर! पोरांना शिकवतो त्याच चुकीत मीच सापडलो." खूश होते. इतके खूश मी त्यांना ऑपरेशननंतर पहिल्यांदाच ऐकत होते.

मग त्यांना तोच नाद लागला. मी गेले की चहाच्या आधी माझा क्लास. चांगला किल्ट पुढून ओळखता येत नाही म्हणायचे, पुढून सगळेच बरे दिसतात. मागून बघायचा. चौकडी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न तुटता गेली पाहिजे, जणू चुण्या घातल्याच नाहीत. चुणी नितंबावर रुंद आणि कमरेकडे निमुळती, टाका हाताचा आणि वरून न दिसणारा. खालची किनार कापडाची मूळचीच, दुमडलेली नाही. आतमध्ये भरपूर कापड राखलेलं, आपल्याकडे वाढत्या अंगाचे कपडे शिवतात तसं. आणि शेवटची परीक्षा चालण्याची: पावलागणिक चुण्या उघडल्या पाहिजेत आणि थांबलं की आपोआप मिटल्या पाहिजेत. प्रत्येक टप्प्याला किल्ट खुर्चीच्या पाठीवर टाकून ते विचारायचे, "मागून बघ गं, सरळ आहे ना?" ईशा जाता-येता हे ऐकायची. एक दिवस ती समोर बसली आणि पिवळी रेघ शोधून टाचण्या लावायला लागली. भाऊजींनी मान वर केली नाही. पण मला स्वयंपाकघरातून त्यांचे कान लाल झालेले दिसत होते.

गेम्सच्या दिवशी मैदानाच्या कडेला आयलीनबाईंनी किल्ट हातात घेतला. उलटा केला, अस्तर दाबून पाहिलं, चुण्यांवरून अंगठा फिरवला, चष्मा बदलून पुन्हा फिरवला. भाऊजी शेजारी उभे होते, बोर्डाच्या निकालाला उभं राहावं तसे. मग बाईंनी तो ईशाला दिला, घालून ये म्हणाल्या, आणि ती आल्यावर, "आता आमच्याकडे पाठ करून चालत जा." ईशा चालत गेली. चुण्या झुलल्या, उघडल्या, मिटल्या, आणि ती पिवळी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही तुटली नाही. "मला काही सापडत नाही," बाई म्हणाल्या, थोड्या नाराजीनेच. भाऊजी रडले. मीही रडले, ताई तर आधीपासूनच रडत होती. पलीकडे बँडची पोरं जमली होती. ईशाने मागे वळून बापाला हाक मारली, "बाबा, कोम," चला म्हणून, आणि हात धरून त्यांना सगळ्यांसमोर नेलं. हा शिवला माझ्या बाबांनी, असं ती जर्मनमध्ये प्रत्येकाला सांगत होती, आणि प्रत्येकापुढे पाठ करून उभी राहत होती. त्या दिवशी बँडचा कितवा नंबर आला ते मला आठवत नाही. आम्ही जिंकलो होतो.

भाऊजी त्यानंतर थोडेच आठवडे होते. घरी बुद्धवंदना झाली, माणसं आली, गेली. मागच्या शनिवारी मी ताईकडे होते. किल्ट घडी घालून ठेवत नाहीत, चुण्यांच्या दिशेने गुंडाळून एखाद्या लांब मोज्यात सरकवतात. भाऊजींनी त्यासाठी आपल्या जुन्या पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्याचा एक पाय कापला होता, त्यावरून ताईची बोलणीही खाल्ली होती. ईशाने त्या पायजम्यातून किल्ट काढला, झटकला, नेसली, पट्टे आवळले. सरावाला निघायचं होतं. दारापाशी ती थांबली, माझ्याकडे पाठ केली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "मावशी, मागून बघ गं, सरळ आहे ना?"

मी नीट, वेळ घेऊन पाहिलं. सरळ होता.