ढगळे मास्तर आणि टाकीचा कोट

ढगळे मास्तर, शालेय गणवेशांचे शिंपी. जन्म १९४६, निधन २०१९. 'ढगळे' हे त्यांना वडिलांकडून आलेले आडनाव नव्हे. ते त्यांनी स्वतःच्या कात्रीने कमावले होते. दाखल्यावर काय लिहिले असेल ते असो. पत्ता विचारणारा 'ढगळे मास्तर' म्हणाला नाही, तर गल्लीतले लोक त्याला खुशाल पुढच्या गल्लीत धाडून देत.

मास्तरांचा सिद्धांत एकच होता: अंग वाढते, कापड वाढत नाही. म्हणून शिवणीच्या आत ते इतके जादा कापड दुमडून ठेवीत की, विजार उलटी केली तर आत दुसरी विजार सापडेल, असे पालक म्हणत. पहिलीतल्या मुलाच्या बाह्या कोपरापाशी संपायच्या त्या बोटांपाशी संपत, आणि मुलगा वर्गात हात वर करी तेव्हा बाईंना केवळ बाही दिसे. कपडा हाती देताना मास्तर प्रत्येकास ठरलेले वाक्य ऐकवीत: "वाढलास की घेऊन ये. शिवण उसवून मोठी करून देईन." कोणीही परत येत नसे. विजार अपुरी पडण्याच्या पुष्कळ आधी शाळाच संपून जाई.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तिला रस्त्याकडची एकच खिडकी होती, आणि त्या खिडकीत लग्नाच्याही आधीपासून मास्तरांचे शिवणयंत्र होते. धूळ येते म्हणून काचा सदा मिटलेल्या. काचेआडून मास्तर सकाळ-संध्याकाळ आपले कपडे रस्त्याने जाताना पाहत. कपड्यांच्या आत मुलेही असत, परंतु त्यांच्याकडे त्यांचे लक्ष बेताचेच असे. मास्तरीणबाई, म्हणजे त्यांची पत्नी, मागच्या भिंतीला पाठ लावून दिव्याखाली काजे करीत आणि बटणे लावीत. खिडकी आणि ती भिंत यांच्यात अंतर थोडे होते. पण संसारात काही अंतरे ओलांडायची कोणाला सुचत नाहीत.

या नीट लावलेल्या घडीत मासे आणले ते मेहुण्यांनी. मास्तरीणबाईंचे हे धाकटे भाऊ नळदुरुस्तीचे काम करीत. एका गिऱ्हाइकाने घर बदलताना माशांची काचपेटी टाकून द्यायची ठरवली, तेव्हा यांनी ती उचलून थेट बहिणीकडे आणली.

"ब्रिसलनोज म्हणतात यांना," मेहुणे म्हणाले. "काचेला तोंड लावून शेवाळ खातात. कोणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत."

जोडी होती. मादी साधी, काळसर, ठिपक्याठिपक्यांची. नराच्या नाकाडावर मात्र फुटलेले, वळलेले काटे होते, आणि त्यांमुळे तो तोंडात टाचण्या धरून बसलेल्या शिंप्यासारखा हुबेहूब दिसे. मास्तरांच्या तोंडातही त्या वेळी टाचण्याच होत्या. दोघांनी एकमेकांकडे बराच वेळ पाहिले.

"तुमच्या घराण्यातलाच दिसतो," मास्तरीणबाई म्हणाल्या.

मेहुण्यांनी पेटीत नळाचा एक तुकडा टाकला होता. काही दिवसांनी नर त्यात शिरून बसला तो बाहेर येईना. आत अंडी होती, आणि तो पंखांनी त्यांच्यावर पाण्याचा वारा घालीत होता. मादी खुशाल हिंडत होती.

"बघा, बाप असून घरात बसून पोरं सांभाळतोय," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"मी तरी कुठे बाहेर जातो?" मास्तर टाचण्यांमधून म्हणाले.

"तुम्ही घरात असता. सांभाळता रस्ता."

पुढे पिल्ले निघाली. बटण लावून झाल्यावर दोऱ्याला मारलेल्या गाठीएवढी ती होती, आणि इतकी होती की काचेवर कोणी शाई शिंपडल्यासारखे वाटे. पेटी त्यांना पुरेना. तेव्हा नवीन जागेचा प्रश्न निघाला, आणि मेहुणे पाना हातात घेऊन न्यायाधीशासारखे खोलीच्या मध्यभागी उभे राहिले.

"दोन रस्ते आहेत, भाऊजी. मागच्या अंगणात टाकी ठेवलीत, तर ऊन मिळतं. उन्हानं शेवाळ धरतं, आणि तेच यांचं जेवण, तुम्हाला काही बघायला नको. पण तिथे पक्षी आहेत, चतुराच्या अळ्या आहेत, थंडी आहे. घरात ठेवलीत, तर जिवाला घोर नाही, पाणी एका उबेत राहतं. पण शेवाळ धरत नाही. मग काकड्या उकडत बसा."

"घरात ऊन येईल अशी जागा असली तर?" मास्तरीणबाईंनी विचारले.

सर्वांनी खिडकीकडे पाहिले. मास्तरांनी छताकडे पाहिले.

"पोरं मोकळ्या हवेत वाढली पाहिजेत," छताकडे पाहतच ते म्हणाले. "उघड्यावर वाढलेल्याची छाती रुंद होते. चार भिंतींत काय वाढणार?"

"तुम्हाला कधीपासून हवा लागली? इतक्या वर्षांत ती खिडकी कधी उघडलीत?"

"माझं सोड. मी पिल्लांचं बोलतोय."

वस्तुतः मास्तर खिडकीचेच बोलत होते, आणि हे त्या खोलीत सर्वांस ठाऊक होते. नळीतल्या नरासही असावे. शेवटी तह ठरला. पिल्ले निम्मी बाहेर, निम्मी आत, खिडकीच्या कोपऱ्यात. थंडी सरल्यावर जी मोठी दिसतील त्यांची जागा खरी. बाहेरची जिंकली, तर खिडकी कायमची मास्तरांची. आतली जिंकली, तर टाकी खिडकीत राहील आणि शिवणयंत्र मागच्या भिंतीला जाईल. वाटणी पळीने झाली: एक पळी आत, एक पळी बाहेर. पळी काठोकाठ भरली आहे की नाही, हे मास्तर चष्मा लावून वाकून पाहत होते.

बाहेरची टाकी म्हणजे मेहुण्यांनी मधोमध कापलेले प्लास्टिकचे जुने पिंप. दोनचार दिवसांतच त्याच्या कडांवर हिरवी साय धरली, पिल्ले तिला चिकटली, आणि मास्तर खिडकीत बसून शीळ घालू लागले. इथे ते थांबते, तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता. परंतु वाढत्या अंगासाठी काही शिवल्याविना राहणे हे त्यांच्या स्वभावात नव्हते.

आधी एक पक्षी पिंपाच्या काठावर येऊन बसला. मास्तरांनी जाळीच्या कापडाचा पडदा शिवला. मग जाळीवर पाने पडू लागली, म्हणून वर छत शिवले. मग गार वारे सुटले, आणि मास्तरांनी गणवेशाच्या उरलेल्या करड्या कापडाचा, आत कापूस भरलेला, पिंपासाठी कोट बेतला. त्याला पुढे बटणांची रांग होती. छातीवर तापमापक ठेवण्यासाठी खिसा होता. कॉलरही होती, कारण कॉलरविना कपडा पुरा झाला असे त्यांना वाटत नसे. आणि पिंप वाढण्याची शक्यता नसतानाही शिवणीत भरघोस जागा सोडलेली होती, त्यामुळे कोट पिंपाच्या तोंडावरून ओघळून पाण्यावर झाकणासारखा पसरे. नाकापेक्षा मोती जड, अशातला प्रकार.

काजे आणि बटणे अर्थातच मास्तरीणबाईंकडे आली.

"माझ्याच विरुद्ध माझ्याकडून काजं करून घेताय."

"पक्षपात नको म्हणून तुझ्याकडे दिलं."

मास्तरीणबाईंनी काजे इतकी नेटकी आणि इतकी घट्ट केली, की एकदा लावलेले बटण निघता निघेना. त्यात कसब किती आणि कट किती, हे शेवटपर्यंत उलगडले नाही. कोट एकदा चढला तो चढलाच. मास्तर एका बाजूचे बटण कसेबसे काढून आत विजेरीचा झोत टाकीत आणि उकडलेल्या काकडीच्या चकत्या सोडीत. कडांवरची हिरवी साय केव्हा नाहीशी झाली, हे त्यांच्या लक्षातच आले नाही. पाणी मात्र छान उबदार होते, आणि खिशातला तापमापक तसे अभिमानाने सांगत असे.

आतली टाकी, म्हणजे जोडीची तीच काचपेटी, तोवर खिडकीच्या कोपऱ्यात होती. काचेतून ऊन मळकट येते, असे म्हणून मास्तरीणबाईंनी पहिल्याच आठवड्यात खिडकी सताड उघडली. अंगणातले दगड आणि वाळके लाकूड आणून त्यांनी टाकीत घातले. आणि मास्तर जेवायला बसले, की त्या टाकी जराशी मधे आणीत व शिवणयंत्र जरासे बाजूला सारीत. जरासे म्हणजे, कोणी विचारलेच तर नाही म्हणता येईल इतके. ओसरी दिल्यावर पाय पसरायला वेळ लागत नाही. मास्तरांना मान तिरकी करून रस्ता पाहावा लागू लागला. मानेत लचक भरली असे समजून ते तेल चोळून घेत. चोळूनही मास्तरीणबाईच देत.

उघड्या खिडकीत पक्षी येऊ लागले. त्यांना हाकलायला कोणीतरी हवे, म्हणून मास्तरीणबाईंनी आपला पाट तिथे आणला आणि मोजपट्टी हाताशी ठेवून त्या टाकीपाशी बसून काजे करू लागल्या. टाकीच्या काचा हिरव्यागार झाल्या. एकदा चतुरही आत भिरभिरून गेला.

थंडी सरली आणि मेहुणे निवाडा द्यायला आले. अंगणात जाऊन त्यांनी कोट घातलेल्या पिंपाभोवती एक प्रदक्षिणा घातली. दोन बटणे निघाली, तिसरे निघेना. तेव्हा पक्कड वापरावी लागली. आत विजेरी धरली. पिल्ले जिवंत होती, सुखरूप होती, उबदार होती, आणि अजून शर्टाच्या बटणाएवढी होती. मग ते पुढच्या खोलीत आले. तिथे बोटाच्या पेराएवढी धष्टपुष्ट पिल्ले काचेवर ओळीने चिकटली होती, आणि दोघातिघांच्या नाकावर काटे फुटू लागले होते.

मेहुण्यांनी पक्कड खिशात घातली. "मला एक सांगा. यांतली बाहेरची टाकी कुठली?"

"म्हणजे काय? अंगणातली," मास्तर म्हणाले.

"तिला ऊन नाही, वारा नाही, पाखरू नाही. दिवा लावल्याशिवाय तिथे काही दिसत नाही. भाऊजी, तुम्ही अंगणात एक खोली बांधलीत. आणि ताईनं खोलीत अंगण आणलं."

मग मास्तरांचा चेहरा उजळला. "म्हणजे ऊन जिंकलं. म्हणजे बाहेरचं जिंकलं. मी हेच म्हणत होतो."

"पिल्लं आतली मोठी झाली," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"बाहेरच्या पद्धतीनं."

"आत."

"हे बघा," मेहुणे म्हणाले, "पडलात तरी नाक वर असू दे, पण मला दुसरीकडे गळका नळ आहे." आणि ते निघून गेले. घोळ उसवून ठेवायचा आणि शिवायला दुसऱ्याला सोडायचे, ही त्यांची कामाचीही रीत होती.

मास्तर शिवणयंत्रापाशी बसले. तिथून आता रस्ता मुळीच दिसत नव्हता. समोर भिंतीचा पोपडा होता. पोपड्याकडे पाहतच ते म्हणाले, "मला पिल्लांचं काही नाही. मला ही जागा हवी आहे. इथे बसलो की आपलं काम चालताना दिसतं."

"माहीत आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "त्या प्रत्येक शर्टाला बटणं मी लावली. ती चालताना मी या थंडीत पहिल्यांदा पाहिली." सुईत दोरा ओवून त्यांनी गाठ मारली. "तुम्हाला कोणी सांगितलं नाही म्हणून सांगते. विजारी फार ढगळ होतात. पोरं एका हातानं धरून चालतात. मला आधी वाटलं, सगळ्यांचंच पोट दुखतंय."

मास्तरांनी खिडकीतून डोके बाहेर काढून पाहिले. शाळा सुटली होती. मुले रांगेने चालली होती, आणि प्रत्येकाचा एक हात कमरेवर होता. इतकी वर्षे मास्तर ती ऐटीची ढब समजत आले होते.

खिडकीत टाकी आणि एक पाट मावत होता, शिवणयंत्र नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी मेहुण्यांना बोलावले, आणि यंत्र मागच्या भिंतीला न नेता दाराबाहेर, पायरीलगतच्या छपराखाली नेऊन मांडले. निकाल असा लागला की मासे आत राहिले आणि शिंपी बाहेर. पिंपातली पिल्लेही खिडकीत आली. पुढच्या थंडीत वारा लागू लागला, तेव्हा मास्तरांनी पिंपाचा कोट अंगात घातला. तो त्यांना झाला; दोन माणसांना झाला असता. तापमापक खिशातच राहिला, आणि कोणी विचारले तर मास्तर आपले तापमान सांगत.

रस्त्यावर बसल्याने एक गैरसोय झाली. काच मधे नसल्यामुळे मुलांची तक्रार थेट कानावर येऊ लागली. "मास्तर, घसरते हो," असे म्हणत मुले पायरीवर उभी राहत, आणि मास्तर तोंडात टाचण्या धरून तिथल्या तिथे टाका घालीत. आतून काचेवर नर चिकटून बसलेला असे, त्याच्याही तोंडात टाचण्या. नवखे गिऱ्हाईक कोणाशी बोलावे या संभ्रमात पडे. शिवणीत जादा कापड ठेवणे मास्तरांनी काही सोडले नाही. खिडकीतून सूचना मात्र येत: "एवढं नको. अजून चार बोटं कमी करा." ते दोन बोटे कमी करीत.

मास्तर गेल्यावर व्यवस्था अशी झाली. शिवणयंत्र पायरीलगतच राहिले आणि मास्तरीणबाई शिवण बाहेर, काजे आत, अशा दोन्ही जागा चालवू लागल्या. पिल्लांच्या पिल्लांपैकी पुष्कळ शाळेत गेली. तिथे वर्गाच्या खिडकीत त्यांची टाकी आहे. कोट मेहुण्यांनी मागितला. तो पुन्हा पिंपावर चढवून मास्तरीणबाईंनी पिंपात कापडाचे तुकडे भरले, आणि कोट देता येत नाही असे भावाला कळवले.

एक बाब तेवढी देणे राहिली होती. मास्तर गेले त्याच वर्षी एक टक्कल पडलेले गृहस्थ हातात कागदी पुडके घेऊन आले. पुडक्यात सहावीत शिवलेली करडी विजार होती.

"मास्तर म्हणाले होते, वाढलास की घेऊन ये," ते जरा ओशाळून म्हणाले. "मी वाढलो. जरा जास्तच वाढलो."

मास्तरीणबाईंनी विजार उलटी केली, शिवणी उसवल्या, घड्या मोकळ्या केल्या, आणि मोजपट्टी त्यांच्या पोटाभोवती फिरवली. विजार त्यांना बरोबर बसली. पायाला तर अजून थोडे कापड शिल्लक राहिले.

गृहस्थ ती घालूनच घरी गेले. ते दोन्ही हात मोकळे सोडून कोपऱ्यापर्यंत चालत गेल्याचे खिडकीतून दिसत होते. ही बातमी फुटल्यापासून आणखी काहीजण पुडकी घेऊन येऊ लागले आहेत. मास्तरांनी तो शब्द गावातल्या जवळजवळ प्रत्येक मुलाला दिलेला असल्यामुळे, काम बरेच शिल्लक आहे.