गावकीची भांडी

उकंडराव भांड्यांचा मालक नव्हता, पण रुबाब मालकाहून मोठा. घाटंजीकडच्या आमच्या गावात देवळामागच्या खोलीत गावकीची पितळी भांडी असत. माणूस आत उभा राहील एवढे गंज, म्हणजे अवाढव्य पातेली; शिवाय पराती, कढया, झारे. लग्न असो की तेरवी, भांडी तिथूनच जायची आणि किल्ली उकंडरावाच्या करदोड्याला. मागायला आलेल्याला तो आधी ताटकळत ठेवी, मग दम देई, "पोचा पाडून आणला तं याद राख." शेती जेमतेम, घरात बायकोपुढे शब्द चालत नसे. सगळी पाटीलकी त्या किल्लीत होती.

भांडी घेताना वर्गणी साऱ्या गावानं दिली होती, बौद्ध वस्तीनंही. वर्गणी घेताना कोणाला विटाळ झाला नाही. विटाळ आठवायचा तो भांडी द्यायची वेळ आली की. पण उकंडराव तोंडावर नाही म्हणत नसे. तेवढी लाज होती त्याला, आणि मला विचाराल तर तीच जास्त वाईट. तो म्हणायचा, "भांडी कल्हईले गेली."

धर्मपाल पोरीच्या लग्नासाठी आला तेव्हाही तेच. दोघं एका वर्गात शिकलेले, दोघांच्या वावरात एकच बांध.

"उकंडभाऊ, सत्यशीलेचं लग्न हाय. दोन गंज पाह्यजे होते."

"देले असते रे, पण कल्हईले गेलेत."

खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि गंज आत दिसत होते. धर्मपालनं ते पाहिलं, "बरं" म्हणाला आणि गेला.

मग वस्तीतल्या लोकांनी तेलाची रिकामी पिंपं कापली, राखेनं घासली आणि त्यात वरण शिजवलं. कितीही घासलं तरी वास जातो होय? नवऱ्याकडची माणसं पहिल्याच घासाला थांबली, काही तर ताटावरून उठली. धर्मपाल एकेकापुढे हात जोडत पंगतीतून फिरला, आणि सत्यशीला नवरीच्या साडीत दारातून ते बघत राहिली. संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाला कळलं. गाव चुकचुकलं, आणि आपापल्या घरी जाऊन जेवलं.

कल्हई करायला बोरी अरबचा अय्यूब यायचा, दरवर्षी दिवाळीनंतर. लिंबाखाली भाता लावायचा आणि अनवाणी गंजात उतरून, वाळूवर पाय फिरवत, गोल गोल फिरून तो आतून घासायचा. त्या वर्षी घासता घासता कोणीतरी त्याला लग्नाची हकिकत सांगितली. तो गंजातच थांबला.

"भाऊ, लग्न झालं तवा मी तं आलोच नव्हतो. माह्या कामाचं नाव सांगून खोटं काहून बोलले?"

"तू आपलं काम कर," उकंडराव म्हणाला.

"ह्या गंजात माहे पाय चालते. त्यातलं तुम्ही खाता. मंग धर्मपालभाऊच्या चुलीनं काय होते?"

अय्यूब बाहेर आला, पाय धुतले, भाता बांधला आणि अर्धं काम टाकून निघून गेला. पुन्हा तो आमच्या गावात कल्हईला आला नाही. "गेला तं गेला," म्हणून उकंडरावानंही दुसरा कोणी आणला नाही. हट्ट होता, दुसरं काय. पुढच्याच लग्नात कल्हई उडालेल्या गंजात कढी कळकली, हिरवीगार झाली. तेव्हापासून लोक बिछायत केंद्रातून भाड्यानं भांडी आणू लागले. किल्ली मात्र करदोड्याला तशीच राहिली.

उकंडराव एका रात्रीत बदलला असं मी म्हणणार नाही, माणसं तशी बदलत नसतात. पण रिकामा बसला की अय्यूबचा प्रश्न त्याला टोचायचा. "त्याचे पाय दिसते मले गंजात," असं तो मला एकदा म्हणाला. बांधावर धर्मपाल भेटायचा, कापूस-पऱ्हाटी कशी हाय विचारायचा, लग्नाचा विषय कधी काढायचा नाही. त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. आज बोलतो, उद्या बोलतो, असं उकंडरावाचं वर्षानुवर्षं चाललं होतं. आणि एक दिवस धर्मपाल वावरातच छाती धरून बसला, तो उठला नाही. मातीला उकंडराव गेला, पण सगळ्यांच्या मागे उभा राहिला.

नवरा वारल्यावर सत्यशीला लेकीला, मोनालीला, घेऊन बापाकडेच राहायला आली होती. यंदा मोनालीचं लग्न ठरलं. ते कळल्यावर उकंडरावानं सगळ्यात मोठा गंज मालाच्या ऑटोत घातला आणि बोरी अरब गाठलं. अय्यूब आता थकलेला, काम सोडून दिलेला. गंज कोणाच्या घरी जाणार ते त्यानं विचारलं, ऐकलं, आणि स्वतःच भाता पेटवला. कल्हई झालेला गंज घेऊन उकंडराव थेट धर्मपालच्या दारात आला.

सत्यशीला बाहेर आली.

"काका, हा माह्या बाच्या हातात द्याचा होता. आता मी घेऊन काय करू? जेवण कार्यालयात हाय, भांडी तिथलीच." मग म्हणाली, "लग्नाले मात्र या."

तो आला. घाटंजीच्या कार्यालयात आम्ही सोबतच गेलो होतो. पंगतीपाशी वाढप्यानं त्याला अडवलं. "काका, कोणाकडचे? नवऱ्याकडचे आधी बसून राह्यले."

नवरीकडचा म्हणायचं होतं त्याला. मी बाजूलाच होतो, मला दिसत होतं. पण त्याच्या तोंडून शब्द निघेना. तेवढ्यात सत्यशीला तिथून चालली होती, ती वाढप्याला म्हणाली, "गावातले हायत. बसवा त्याइले."

त्याला बसवलं, वाढलं, आग्रहही केला. वरण फार चांगलं झालं होतं. तो कुस्करत बसला, जेवला नाही.

परतताना एसटीत त्यानं आमची दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाला, "खोटं नाही बोलली पोरगी. तिच्या घरचा मी कधी झालोच नाही."