दोन पुस्तकं आणि पाण्याखालचं गाव

माझ्या वडिलांचं आणि अण्णांचं भांडण झालं ते इस्रायलवरून. बांधावरून नाही, नळावरून नाही, इस्रायलवरून. तेही लातुरात बसून. दोघांपैकी कुणी मुंबईच्या पुढं गेलेलं नव्हतं, आणि मुंबईलाही अण्णा एकदाच, मोतीबिंदूसाठी.

दोघं एकाच गावचे. अण्णांचं घर मारुतीच्या पारापाशी, आमची बौद्धांची वस्ती वेशीबाहेर. गाव धरणात गेलं आणि दोन्ही बिऱ्हाडं लातूरला एकाच कॉलनीत आली, तेव्हा कुठं खरी ओळख झाली. अण्णा तहसिलातून अव्वल कारकून म्हणून रिटायर झालेले. निजामाच्या काळात शिकल्यामुळं उर्दू घडाघडा वाचायचे, मराठी मात्र बोट ठेवून. आमचे वडील, म्हणजे दादा, शेती खात्यात, त्यांना उर्दूतलं एक अक्षर यायचं नाही. म्हणून रोज सकाळी कोपऱ्यावरच्या हॉटेलात अण्णांनी हैदराबादहून आलेला शिळा उर्दू पेपर वाचून दाखवायचा आणि दादांनी ताजा मराठी. जिल्हा नवा होता, रोज कुठल्यातरी ऑफिसची पाटी लागायची, तिच्यावरही शेरेबाजी व्हायची.

त्या वर्षी दुष्काळ पडला आणि दादा ठिबकच्या नादी लागले. कुठल्याशा शेतकी मासिकात इस्रायलचे फोटो आले होते. ते अण्णांपुढं धरून म्हणाले, "नुसती वाळू होती, अण्णा. कुणी न्हाई, काही न्हाई. घाम गाळून बागा केल्या."

अण्णांनी पेपर खाली ठेवला. "कुणी न्हाई कसं? माणसं होती की. गावंच्या गावं उठवली त्यांची."

"तुमचा पेपर एकतर्फी हाय."

"अन् तुमचं मासिक? त्यात माणूस तरी हाय का एखादा? नुसत्या नळ्या."

शब्दानं शब्द वाढला आणि चहा तिथंच गार झाला.

महिना उलटला तरी बोलणं नाही. दादा घरी एकटेच पेपर वाचायचे. एखादी मजेशीर बातमी आली की मोठ्यानं वाचायला तोंड उघडायचे, समोर कुणी नाही बघून मिटायचे. मला त्यांची कीव यायची आणि संतापही. एवढी मोठी माणसं, आणि कट्टी काय घेऊन बसलीत! शेवटी मीच मधे पडले. राज्यशास्त्र घेऊन बी.ए. करत होते, म्हणजे मला वाटत होतं जगाचे निकाल लावायचा परवाना आपल्याकडं आहे. दोघांनीही वेगवेगळं एकच सांगितलं: बरोबर असलेलं पुस्तक आण, त्यात असंल ते मान्य. म्हणजे ही मैत्री वाचवायची तर मला एक बरोबर पुस्तक शोधायचं होतं.

लातूरच्या ग्रंथालयातली निम्मी पुस्तकं अजून खोक्यांतच होती. मग एस.टी.नं मावशीकडं नांदेडला गेले आणि तिच्या ओळखीनं एका कॉलेजच्या ग्रंथालयात शिरले.

"एकच बरोबर पुस्तक?" ग्रंथपालांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "बाई, असं पुस्तक असतं तर एवढी कपाटं कशाला लागली असती?"

मी हिरमुसले असणार. ते उठले आणि दोन जाडजूड इंग्रजी पुस्तकं आणून माझ्यासमोर ठेवली, एक या बाजूचं, एक त्या. म्हणाले, "लिहिणारा कोण आहे ते आधी बघ. मग गोष्ट कुठल्या वर्षापासून सुरू केलीय ते बघ. आणि दोन्हीकडं काय गाळलंय त्याची वही कर."

तीन दिवस मी डिक्शनरी उशाशी घेऊन मावशीच्या माडीवर बसले. एक पुस्तक सुरू होत होतं युरोपात: देशोदेशी हाकललेले, छळलेले आणि शेवटी लाखोंनी मारले गेलेले ज्यू, त्यांना अंग टेकायला जागा हवी होती. दुसरं सुरू होत होतं ऑलिव्हच्या बागेत, आणि लढाईत त्या बागेचे मालक घर सोडून गेले ते परत येऊ शकले नव्हते. पहिल्यात त्या घर सुटलेल्यांना कसाबसा एक परिच्छेद. दुसऱ्यात युरोपातल्या कत्तलीला दोन ओळी. एकच गाव दोन नकाशांत दोन नावांनी. दोघंही खरं सांगत होते आणि दोघंही सोयीचं तेवढंच सांगत होते. लई चिडले मी. आणि खरं सांगायचं तर लई मजाही आली. लबाडी पकडण्यात असला आनंद असतो हे मला कुणी शाळेत सांगितलंच नव्हतं.

लातूरला आल्यावर मी मुद्दाम आगाऊपणा केला. ऑलिव्हवालं पुस्तक दादांना मराठी करून वाचून दाखवलं आणि युरोपवालं अण्णांना. दादा मधेच म्हणाले, "म्हंजे ऑलिव्हच्या, संत्र्यांच्या बागा आधीपासून होत्या? मग त्या मासिकवाल्यानं का न्हाई लिहिलं?" अण्णांनी चष्मा काढून धोतरानं पुसला आणि बराच वेळ पुसत राहिले. "हे इतकं आमच्या पेपरात कधी आलं न्हाई, पोरी," एवढंच म्हणाले. मला वाटलं, जिंकले मी. पण हॉटेलात कुणी जाईना. ज्यानं त्यानं म्हणायचं, आधी त्यांनी यावं. वैताग नुसता.

तेवढ्यात बातमी आली की धरण आटलंय आणि आमचं गाव वर आलंय. लोक जीप करकरून बघायला चालले होते. मी दोघांनाही न सांगता एकाच जीपमधे जागा धरल्या. अख्खा रस्ता दोघं दोन खिडक्यांतून बाहेर बघत होते.

भेगाळलेल्या जमिनीवर पाराचे दगड उघडे पडले होते. अण्णांना त्यांचा उंबरठा सापडला. इथं तुळस, इथं न्हाणी, असं स्वतःशीच बोलत ते त्यावर बसले आणि रडायला लागले. दादा पाण्याची छागळ खांद्याला लावून वेशीच्या पलीकडं चालू लागले. मी मागोमाग गेले. तिथं काहीच नव्हतं. मातीच्या भिंती केव्हाच विरघळून गेल्या होत्या. दादा पावलं मोजत एका जागी थांबले.

अण्णा धापा टाकत मागून आले. "सायब, तुमचं घर कोणतं?"

निम्मी हयात त्या गावात काढलेला माणूस हे विचारत होता. त्यांचं त्यांनाच ते कळलं आणि चेहरा उतरला.

"हे इथं," दादा म्हणाले. "ही चूल. अन् खोटं कशाला बोलू, अण्णा, गाव उठलं त्या दिवशी आमच्यात खीर झाली होती. आमच्या बापाच्या नावावर पयल्यांदा जागा होणार होती, नळासकट. म्हणून मला इस्रायलातली ती माणसं जवळची वाटली. कुठंच जागा नसलेली."

"अन् मला ती," अण्णा म्हणाले, "दारातून उठवलेली."

मग अण्णांनी चपला काढल्या. जिथं दार असेल असं त्यांना वाटलं तिथून आत पाऊल टाकलं आणि तापलेल्या मातीवर मांडी घातली. "घरी आलोय. पाणी तरी विचारा."

दादांनी छागळीचं बूच काढलं. त्यांनी छागळ पुढं केली. अण्णांनी ओंजळ धरली नाही, सरळ तिलाच तोंड लावलं आणि घटाघटा प्याले. मग तीच छागळ दादांनी तोंडाला लावली. मी तिथं तहानेनं कासावीस उभी होते, मला विचारायचं भान दोघांनाही नव्हतं, आणि इतकी खूश मी आयुष्यात क्वचितच झालेय.